अहिराणी निरोप यंत्राला कळतो का, विचार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या परिषदेचं तुझं नक्की झालं, हे कळलं. ई-डिस्कव्हरी (दाव्यासाठी फोन-मेलमधला पुरावा शोधून देणं-घेणं), लीगल टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्या बार रूममध्ये अजून 'ते मुंबईच्या कंपन्यांचं काम' म्हणून विषय बंद होतो. मला ते पटत नाही. चोपड्याचा केळीवाला घे की न्यूयॉर्कची बँक, फरक रकमेचा आहे. काय ठरलं होतं, हे दोघांच्याही फोनात आणि मेलमध्येच पडलेलं असतं.

२०१६ सालचं एक प्रकरण मी तुला कधी सांगितलं नाही. व्यापाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला होता, "माल कापी टाक, भाव तोच ऱ्हाई." शेतकऱ्याने घड कापले, गाडी भरून दिली, आणि पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, आली ती निम्म्या भावाने. तो माझ्याकडे आला तेव्हा फोन त्याच्या खिशात होता. काचेला तडा गेलेला, मागचं झाकण रबराने बांधलेलं. मी निरोप ऐकला, वहीत उतरवून घेतला, मुलाला स्क्रीनशॉट पाठवायला सांगितलं आणि फोन परत दिला. दिवाळीत मुलाने तो एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. पुराव्याच्या दिवशी माझ्या हातात उरलं एक प्रिंट, त्यावर आवाजाची वेडीवाकडी रेघ आणि '०:०७'. सात सेकंदांचा तो आवाज कुठेच नव्हता. दावा गेला. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते आजही लागतं.

म्हणून परिषदेत माहिती जपून ठेवण्यावरचं, ते 'प्रिझर्व्हेशन' म्हणतात ते, सत्र चुकवू नकोस. झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग हे नाव तिथे नक्की कानावर पडेल, न्यूयॉर्कमध्ये एका कर्मचारी बाईने आपल्या बँकेवर केलेला दावा. जपायला सांगूनही मेल पुसले गेले, तेव्हा न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ज्यूरीला सांगितलं की पुसलेल्या मजकुराबद्दल बँकेच्या विरोधात अनुमान काढायला हरकत नाही. २००५ मध्ये ज्यूरीने सुमारे २.९ कोटी डॉलर द्यायला सांगितले. पुढच्या वर्षी तिथल्या दिवाणी नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीची वेगळी तरतूद झाली. आपल्याकडे दिवाणी संहितेची ऑर्डर ११, समोरच्याकडचे कागद मागण्या-दाखवण्याची, जुनीच आहे, पण २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी ती बदलली आणि इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड दाखवण्याचा नियम आत आला. आधी ती वाचून जा, नाहीतर अमेरिकेच्या गोष्टी हवेत राहतील.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचं तुला पाठच आहे, तरी उजळणी कर. २०१४ चा अन्वर निकाल, मग २०२० चा अर्जुन खोतकर. तो आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीतून निघाला. त्यानुसार मूळ यंत्र त्याच्या मालकाने कोर्टात आणून स्वतः साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही, नक्कल दिलीस तर लागतं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ ने फाइलवरून चौसष्ट अक्षरांचा आकडा निघतो, आणि फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. हे कुणाकडून ऐकू नकोस, हॉटेलवर रात्री लॅपटॉपवर स्वतः करून बघ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो लहान होऊन येतो, त्यातली वेळ-ठिकाणाची माहितीही गळते. त्याचा हॅश कितीही नीट काढलास तरी तो मूळ फोटोचा नाही.

आता स्टॉलवर. लाखभर कागदांतून कामाचे वेचून देणारी यंत्रं दाखवतील. अनुभवी वकिलाने काही कागदांवर खुणा करायच्या, बाकीचे यंत्राने त्यावरून ओळखायचे. अमेरिकेत न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी २०१२ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. पद्धत चांगली आहे. पण विचार, बिनकामाचे म्हणून बाजूला टाकलेल्या ढिगातून मूठभर कागद काढून माणूस तपासतो का? आपल्या डाळ मिलवर पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढतात, वरवरचे दाणे बघून भाव देत नाहीत.

आणि खरा प्रश्न भाषेचा. आपले लोक 'केळी' रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहितात, 'पट्टी'चंही तेच. एकच स्पेलिंग घालून शोधलं तर निम्मा पुरावा हाती लागणार नाही. आवाजी निरोप धुळ्याकडचा असेल तर अहिराणीत, यावल-रावेरकडचा असेल तर लेवा बोलीत. घरच्यांची परवानगी घेऊन असे चार-पाच निरोप रेकॉर्ड करून ने आणि स्टॉलवरच्या माणसासमोर वाजव. पक्षकाराचा एकही नेऊ नकोस. 'ऱ्हाई'चं यंत्राने काय केलं ते लिहून आण. मला माहितीपत्रकापेक्षा ती वही हवी आहे. त्यांनाही हे ऐकवायला हवं, कारण खानदेशातून कुणी गेलं नाही तर आपली भाषा कुणी तपासणार नाही.

एआयवाल्यांकडेही जा, काम वेगाने होतं. फक्त निवाडा मूळ रिपोर्टरमध्ये, म्हणजे निवाड्यांच्या छापील संग्रहात, उघडून पाहिल्याशिवाय अर्जात घालायचा नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले निवाडे कोर्टात दिले म्हणून वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला.

शिरपूरच्या काकांचा फोन बंद करून, लिफाफ्यावर त्यांची नि माझी सही घेऊन कपाटात ठेवला आहे, पोच त्यांच्याकडे आहे. मी तो उघडलेला नाही. सोमवारी तू आलीस की त्यांच्यासमोरच उघडू.

तुझा,
सर