‘आलो’ की ‘आले’?

पुरुष असून ऑनलाइन गेममध्ये बाईचं कॅरेक्टर घेऊ का, असं विचारलंस. बिनधास्त घे रे. कितीतरी जण घेतात, आणि कारण सांगायला तू कुणाला बांधील नाहीस. ‘फायनल फँटसी १४’मध्ये तर मूळ कथा संपवलीस की फँटेसियाची एक कुपी फुकट मिळते, तिने लिंग, वंश, चेहरा सगळं बदलता येतं.

खरी पंचाईत मराठी चॅटमध्ये होते. इंग्रजीत भागून जातं, इथे ‘आलो’ की ‘आले’ हे ठरवावंच लागतं. आमच्या गटात एकजण वर्षभर ‘येतेय’ लिहायची. एका रात्री घाईत ‘येतोय’ लिहिलं गेलं आणि लोकांनी प्रश्न विचारून नुसतं भंडावून सोडलं. तिने गटच सोडला. मला अजून वाईट वाटतं, कारण मी तेव्हा गप्प बसले. समोरचा स्वतःबद्दल जे क्रियापद वापरतो, तेच तूही वापर. आणि कुणी व्हॉइस चॅटवर बोलायला येत नसेल, तर का ते विचारू नकोस.