वकिली करून राजकारणात जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या वडिलांना

सप्रेम नमस्कार.

आपले कराडहून आलेले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या पुण्यात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातील टांझानियाच्या एका मैत्रिणीकडून तिने तिथले वकील आणि विरोधी पक्षनेते टुंडू लिसू यांच्याविषयी ऐकले आणि तेव्हापासून आपणही असेच वकील व्हायचे, पुढे राजकारणात जायचे, असे तिने मनाशी घेतले आहे. ज्या माणसाने गोळ्या झेलल्या आणि ज्याच्यावर देशद्रोहाचा खटला भरला गेला, त्याच्या वाटेला करिअर म्हणायचे का, आणि मुलीला त्यापासून परावृत्त कसे करायचे, असे आपण विचारले आहे. परावृत्त करण्याच्या कामी मी आपल्याला साथ देऊ शकत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘हो’ असे आहे, आणि ते का, हे थोडे विस्ताराने लिहितो.

लिसू यांचा जन्म 1968 सालचा, मध्य टांझानियातील सिंगिडा प्रांतातला. दार-ए-सलाम विद्यापीठातून कायद्याची पदवी आणि इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर ते पर्यावरणाच्या प्रश्नांवर लढणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेत काम करू लागले. आपल्या मुलीने सर्वांत बारकाईने अभ्यासावा असा काळ हाच आहे. बुल्यानहुलू येथील सोन्याच्या पट्ट्यातून ऑगस्ट 1996 मध्ये हाताने खाणकाम करणाऱ्या लोकांना हुसकावण्यात आले, ती जागा कॅनडातील एका कंपनीसाठी मोकळी करण्यात आली, आणि विवरे बुजवताना पन्नासहून अधिक माणसे आत जिवंत गाडली गेली असा आरोप झाला. सरकारने आणि कंपनीने तो फेटाळला. पुढे जागतिक बँक समूहाच्या लोकपालानेही तो ग्राह्य मानला नाही. लिसू आणि त्यांचे सहकारी मात्र विस्थापितांचे जबाब आणि कागदपत्रे जमवत स्वतंत्र चौकशीची मागणी लावून धरत राहिले, आणि त्यापायी त्यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. एखाद्या गावकऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे, ते न्यायालयात टिकेल अशा भाषेत उतरवणे आणि प्रतिपक्षाकडे पैसा व सत्ता दोन्ही असताना ते लावून धरणे, हे काम त्यांनी अनेक वर्षे केले; खासदारकी आली ती त्यानंतर, 2010 साली, चाडेमा या विरोधी पक्षाकडून.

पुढचा भाग आपल्याला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मार्च 2017 मध्ये ते टांगानिका लॉ सोसायटी या वकिलांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी 7 सप्टेंबरला, संसदेतून घरी परतताना, डोडोमा येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. 16 गोळ्या लागल्या. नैरोबीत आणि नंतर बेल्जियममध्ये उपचार झाले, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. ते परदेशात असतानाच त्यांची खासदारकी काढून घेण्यात आली. तरीही 2020 मध्ये ते मायदेशी परतून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले. अधिकृत निकालानुसार त्यांना सुमारे 13 टक्के मते पडली. त्यांनी तो निकाल अमान्य केला, पण टांझानियाच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षपदाच्या जाहीर झालेल्या निकालाला न्यायालयात आव्हानच देता येत नाही. आयुष्यभर न्यायालयात दाद मागत आलेल्या माणसाला आपल्याच निवडणुकीबाबत दाद मागण्याची सोय नव्हती; निवडणूक पद्धती आधी सुधारा, मगच निवडणूक घ्या, या त्यांच्या पुढील आग्रहामागे मला हे कारण फार मोठे वाटते. जानेवारी 2025 मध्ये ते पक्षाचे अध्यक्ष झाले, एप्रिलमध्ये अटक झाली आणि देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला. तिथे या गुन्ह्यात जामीन मिळत नाही आणि शिक्षा मृत्युदंडापर्यंत होऊ शकते.

तुरुंगात वकिलांशी खाजगीत बोलू दिले जात नाही, अशी तक्रार करून जून 2025 मध्ये त्यांनी स्वतःचा खटला स्वतःच चालवायचे ठरवले. पुढे आरोपीच्या पिंजऱ्यातला हा माणूस सरकारी साक्षीदार पोलीस अधिकाऱ्यांची उलटतपासणी घेऊ लागला. सर्व काही हिरावले गेल्यावरही त्यांच्या हाती वकिलीचे कसब उरले होते. आपल्या मुलीला राजकारणाचे जे काही करायचे असेल ते करू द्या, पण हे कसब तिने आधी कमवावे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भीतीला मी कमी लेखत नाही. परंतु आपल्याकडे विधानसभा वा लोकसभेच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, आणि टांझानियात ज्याला मनाई आहे ती अपक्ष उमेदवारीही इथे करता येते. तेथील धोके जसेच्या तसे इथे धरून चालणे योग्य होणार नाही.

खरी अडचण पैशांची आहे. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यावी लागते, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि ज्येष्ठांच्या हाताखालची पहिली काही वर्षे उत्पन्न फारच तुटपुंजे असते. सनद असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. आमदार-खासदारांना मात्र वकिली करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे तिचे मन बदलून न्यायाधीश व्हावेसे वाटले, तरी याच न्यायालयाच्या 2025 च्या निकालानुसार न्यायाधीशपदाच्या प्रवेश परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे, त्यामुळे ही वर्षे वाया जाणार नाहीत. या काळात घरातून दरमहा किती रक्कम देता येईल, हे तिच्यासमोर बसून आकड्यांत ठरवा.

आणि कराडच्या न्यायालयात फौजदारी खटले चालवणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांशी तिच्यासाठी आताच बोलून ठेवा. मे महिन्यात न्यायालयांनाही सुटी असते. म्हणून तिच्या परीक्षा संपल्यावर आणि सुटी लागण्यापूर्वी जे दिवस मिळतील, त्या दिवसांत तिने साक्षीपुरावा चालू असलेल्या एकाच खटल्यात रोज जाऊन बसावे, आणि प्रत्येक उलटतपासणीचे टिपण लिहून त्या वकिलांना दाखवावे.

आपला स्नेहांकित,
करिअर समुपदेशक