नायटा, मेडिकलची ट्यूब आणि गालावरचा पांढरा डाग

प्रश्न : डॉक्टर, आम्ही जांबोटीकडचे. आमच्या मालकांना गेल्या वर्षी भात लावणीच्या टायमाला जांघेत नायटा झाला. मेडिकलमधून ट्यूब आणली, लावली की दोन दिवसात खाज बंद, सोडली की परत दुप्पट. सात-आठ ट्यूबा संपल्या, आता कमरेपर्यंत चढलंय आणि माझ्यापण पोटावर गोल चट्टा आलाय. सगळे म्हणतात रक्तात दोष आहे. खरं काय?

उत्तर : ताई, रक्तात काही दोष नाही, ते डोक्यातून आधी काढा. ही बुरशी आहे. कानडीत याला हुळुकड्डी म्हणतात, हुळु म्हणजे किडा, पण किडाबिडा काही नसतो, बुरशी कातडीत गोल-गोल पसरत जाते म्हणून कडेला लाल, उंच, कोंडा सुटणारी रिंग दिसते आणि मधला भाग बरा झाल्यासारखा वाटतो.

आता ती ट्यूब घ्या आणि उजेडात मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन असलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्यानं खाज थांबते कारण सूज दबते, पण कातडीची बुरशीशी लढायची ताकदपण दबते, म्हणजे तुम्हाला बरं वाटतंय तोवर बुरशी आरामात पसरत असते. मग ती रिंगपण नीट दिसत नाही, चट्ट्यात चट्टा उठतो आणि डॉक्टरलासुद्धा पटकन ओळखता येत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणारा एक पोरगा माझ्याकडं आलेला, वर्षभर असली ट्यूब लावून त्याच्या मांडीवर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसले वळ उठले होते. नायटा गेला, वळ नाही गेले आणि आता जाणारपण नाहीत. मला याचा फार राग येतो, कारण 2018 सालीच सरकारनं असली बरीच स्टिरॉइड क्रीमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलंय, तरी काउंटरवर नुसतं खाज म्हटलं की ट्यूब हातात येते.

तर स्टिरॉइड असेल तर ती ट्यूब आजच बंद करा. आठ-दहा दिवस खाज जास्त वाटेल, ते ठरलेलंच आहे, घाबरून परत लावू नका, खाजेसाठी गोळी मिळते. दोघांनी एकदमच दाखवायला या, एकट्यानं औषध घेतलं तर दुसऱ्याकडून परत येणार. शंका असली तर चट्टा जरासा खरवडून मायक्रोस्कोपखाली बुरशी बघता येते. एवढं पसरलंय म्हटल्यावर नुसत्या बुरशी मारायच्या क्रीमनं भागणार नाही, टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोल असली बुरशीवरची गोळी लागेल, पण ती स्वतःहून आणू नका, लिव्हरचा त्रास, दुसऱ्या गोळ्या, दिवस गेलेत का हे सगळं विचारून द्यावी लागते. मालकांची शुगरपण एकदा बघू. ही बुरशीची क्रीम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायची आणि डाग गेला तरी अजून दोन आठवडे चालू ठेवायची, इथंच नव्वद टक्के लोक सोडतात असं मला तरी दिसतं.

आणि कपडे. तुमच्याकडं पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत मला ठाऊक आहे, पण चिखलातून आल्यावर ओली चड्डी अंगावर ठेवू नका, जांघ पुसून कोरडी करा, चुलीजवळ वाळवलेल्या कपड्यांच्या शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा. टॉवेल दोघांचे वेगळे.

प्रश्न : आमची मुलगी सात वर्षाची, निपाणीत शाळेला जाते. गालावर दोन फिकट पांढरे डाग आलेत. सासूबाई जंत म्हणतात, शेजारीण कोड म्हणते. झोप लागत नाही.

उत्तर : न बघता पक्कं सांगता येत नाही, पण या वयात गालावर फिकट, कडा पुसट, हात लावला की जरा खरखरीत असा डाग असेल तर बहुतेक वेळा ती कोरडी कातडी असते, उन्हात बाकीचा चेहरा रापला की जास्तच उठून दिसते. जंताशी संबंध नाही. साधं मॉइश्चरायझर दोन वेळा लावा, तिखट साबण बंद, काही महिन्यात जातं. गोरं करायची क्रीम मात्र अजिबात नको, त्यातपण स्टिरॉइड असू शकतं. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, कडा ठसठशीत असते, कधी कधी त्यावरचे केसपण पांढरे होतात.

एक गोष्ट मात्र घरी बघा. अंगावर कुठंही फिकट किंवा तांबूस डाग असला तर मुलीला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकानं हळूच शिवा आणि कुठं शिवलं ते बोटानं दाखवायला लावा. डागावर कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच न्या, ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. औषध तिथंच फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर, आणि लवकर चालू केलं तर हातापायाला सहसा काही होत नाही. चेहऱ्यावरचं मात्र घरी नीट कळत नाही, तेवढं डॉक्टरकडूनच बघून घ्या.