सर्वो हलला की आर्डुइनो रिसेट होतोय? आधी सप्लाय बघा

तुम्ही प्रश्नासोबत दिलेला कोड मला ठीक वाटतोय, त्याला सध्या हात लावू नका. सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) फिरायला लागला की उनो, म्हणजे तुमचा आर्डुइनो बोर्ड, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणजे सप्लायचा व्होल्टेज कोसळतोय. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, प्रोब ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनवर धरा आणि सर्वो चालवून बघा. आकडा ४.५ च्या आसपास गेला तर चोर सापडला. मात्र मीटर हळू असतो, क्षणभराची घसरण त्यात दिसेलच असं नाही. म्हणून आकडा ५ दिसला तरी पुढचं करून बघाच:

- सर्वोला वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर द्या. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी नको, तिला तेवढा करंट झेपत नाही.
- दोन्ही सप्लायचे ग्राउंड एकमेकांना जोडा. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो! ग्राउंड वेगळे राहिले की सिग्नलला संदर्भच उरत नाही आणि सर्वो नुसता थरथरतो.
- सर्वोच्या सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभराची घसरण भरून काढणारा भाग) लावा. पट्टा असलेली बाजू ग्राउंडला. उलटा लावलात तर फुटतो.

ब्रेडबोर्ड (तारा खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) लांब असेल तर कडेची लाल-निळी रेघ मध्यावर तुटलीय का बघा. तुटली असेल तर आतली पट्टीही तिथे तुटलेली असते, तारेने जोडून घ्या.

फिल्टर, ऑसिलोस्कोप वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर मीटरचा आकडा इथे लिहा, पुढचं आपण मिळून बघू.