आपल्या वहीत विरोधी पुराव्याचे पान आहे का?

आपला प्रश्न काल रात्री वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’मधला दारिओ नहारिस, म्हणजे राणी डेनेरिसचा भाडोत्री सेनानायक आणि प्रियकर, हा वेष पालटलेला समुद्री लुटारू युरॉन ग्रेजॉय आहे, हे सिद्ध करण्यासाठी आपण तीन वर्षे वही ठेवली आहे, तीत साठाहून अधिक नोंदी झाल्या आहेत, आणि ज्या धाकट्या बहिणीबरोबर आपण ही पुस्तके वाचायला घेतली ती आता हा विषय निघाला की उठून जाते, असे आपण लिहिता. आणखी कोणता पुरावा जोडला म्हणजे तिला पटेल, असा आपला प्रश्न आहे. अशीच एक वही माझ्याकडेही होती. फक्त मालिका वेगळी होती आणि खलनायक वेगळा होता.

पुढे ‘द व्हील ऑफ टाइम’च्या शेवटापर्यंतचे कथानक उघड होईल. ती मालिका वाचायची राहिली असेल तर इथेच थांबावे. मी समीक्षक नाही, एक जुना वाचक आहे, त्यामुळे पुढचे सारे एका माणसाच्या अनुभवाइतक्याच किमतीचे समजावे.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या त्या मालिकेत डेमँड्रेड नावाचा एक खलनायक आहे. प्राचीन युगातला हा सेनापती नायकाच्या पूर्वजन्मापुढे कायम दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि त्या मत्सरापायी काळोखाच्या बाजूला गेला. १९९४ साली आलेल्या सहाव्या पुस्तकाच्या आरंभी तो आपल्या धन्याकडून आज्ञा घेतो, आणि पुढे तो नेमका कुठे, कोणत्या नावाने वावरतो आहे, हे पुस्तक सांगतच नाही. त्याच पुस्तकात मॅझ्रिम ताइम नावाचा एक माणूस नायकाकडे येऊन चाकरी मागतो. दोघांची नाके बाकदार आहेत. ताइम एल या लढवय्या जमातीचा उल्लेख ‘हे म्हणवून घेणारे एल’ अशा अर्थाच्या शब्दांत करतो, आणि प्राचीन युगातले एल शस्त्राला हात न लावणारे होते हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच तोंडी असे शब्द शोभतात. जादूशक्ती वापरणाऱ्या पुरुषांना वेड लागते, पण ताइममध्ये त्याची लक्षणे दिसत नाहीत. हे वाचून जगभरातल्या हजारो वाचकांनी ताइम म्हणजेच डेमँड्रेड असा निष्कर्ष काढला, इंग्रजीत दोन्ही नावे जोडून त्या तर्काला एक नावही दिले, आणि त्या वेळी पुण्यात शिकत असलेला मी त्यांतलाच एक होतो.

माझी चूक हा निष्कर्ष काढण्यात नव्हती, आणि याच ठिकाणी आपण सावध व्हावे असे मला वाटते. माझ्या खोलीतला पार्टनर तीच पुस्तके वाचत होता. त्याने एके दिवशी जॉर्डन यांच्या उत्तराची छापील प्रत आणून माझ्यासमोर ठेवली. त्यात लेखकाने स्वतः, स्पष्ट शब्दांत, ताइम हा डेमँड्रेड नाही असे वाचकांना सांगितले होते. मी ती प्रत वाचली आणि म्हणालो की, रहस्य जपायचे असेल तर लेखक नाहीच म्हणणार, तेव्हा हा नकार म्हणजेच आपल्या तर्काला मिळालेली पुष्टी आहे. त्या एका वाक्यापाशी माझे वाचन संपले होते, हे मला पुढे सात वर्षे कळले नाही. होकार आला तर तर्क खरा आणि नकार आला तरी तर्क खराच, असे एकदा ठरले की पुस्तकातली कोणतीही ओळ तो तर्क खोडू शकत नाही, आणि जो तर्क कशानेही खोडला जात नाही त्याच्यासाठी पुढची पुस्तके वाचण्याचे कारणच उरत नाही.

पार्टनरचे म्हणणे असे होते की, नकाशाच्या पूर्व टोकाला शारा नावाचा जो देश आहे त्याच्याबद्दल लेखक वारंवार थोडेथोडे का सांगतो, हे आधी पाहावे. ग्रेंडाल या खलनायिकेने शाराच्या राज्यकर्त्यांना उचलून आणून आपल्या महालात नोकरासारखे राबवले होते. म्हणजे तिथले सिंहासन रिकामे झाले होते, आणि रिकाम्या सिंहासनाकडे डेमँड्रेडसारख्या माणसाचे लक्ष जाणार नाही असे कसे होईल, असे तो विचारायचा. दहाबारा जणांच्या बैठकीत मी त्याच्या या म्हणण्याची टर उडवली. तो तेव्हा काही बोलला नाही. २००६ च्या पावसाळ्यात तो दुसरीकडे राहायला गेला आणि आमचे बोलणे थांबले. सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन वारले तेव्हाही मी त्याला फोन केला नाही.

मालिकेची शेवटची तीन पुस्तके ब्रँडन सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या टिपणांच्या आधारे पूर्ण केली. २००९ च्या पुस्तकात डेमँड्रेड म्हणतो की आपली सत्ता पक्की आहे आणि आपण युद्धासाठी सैन्य जमवत आहोत. मी ते वाक्य वहीत उतरवले आणि कंसात ‘काळा मनोरा’ असे लिहिले, कारण जादू शिकणाऱ्या पुरुषांचा तो तळ ताइमच्या ताब्यात होता. आणि जानेवारी २०१३ मध्ये शेवटच्या पुस्तकात डेमँड्रेड शाराचे अफाट सैन्य घेऊन रणांगणावर उतरला. ताइम त्याच रणांगणावर, त्याच्या हाताखाली लढत होता.

माझ्या वहीतल्या पुष्कळशा नोंदी खऱ्याच होत्या, ही गोष्ट मला पराभवापेक्षाही जास्त लागली. ताइमचे बोलणे, त्याचे ज्ञान, वेडापासून त्याला मिळालेले संरक्षण, ही सारी चिन्हे काळोखाच्या बाजूशी असलेल्या त्याच्या संबंधाकडे बोट दाखवत होती. मी त्या संबंधाला एकरूपता समजलो. दोन पात्रांत साम्य दिसले की ती एकच असावीत असे वाटते, पण ती गुरुशिष्य असू शकतात, एकाच धन्याचे चाकर असू शकतात, किंवा लेखकाने मुद्दाम एकमेकांसमोर धरलेले आरसेही असू शकतात. आपल्या वहीतली प्रत्येक नोंद या चार शक्यतांपुढे ठेवून पाहा. त्यांतल्या किती नोंदी पहिल्या शक्यतेशिवाय उभ्याच राहत नाहीत, ते मोजा.

आता आपल्या नोंदींबद्दल. दारिओची दाढी निळी आणि युरॉनचे ओठ निळे, असे आपण लिहिले आहे. पण दारिओ टायरोश या शहराचा आहे, आणि टायरोशी लोक केस व दाढी भडक रंगांत रंगवतात हे पुस्तकानेच सांगितले आहे. ज्या खुणेचे साधे स्पष्टीकरण पुस्तकात आधीच दिलेले आहे तिला मी तरी पुरावा मानणार नाही. दारिओच्या पथकाच्या नावात आणि युरॉनच्या टोपणनावात कावळा आहे, हे साम्य मला जास्त महत्त्वाचे वाटते, पण ते आरशासारखे साम्य असू शकते. आपल्या साठ नोंदींत मला एक गोष्ट मात्र दिसली नाही. युरॉन लोहद्वीपांचा राजा झाल्यावर आपला भाऊ व्हिक्टेरियन याला समुद्रापार पाठवतो, तो डेनेरिसला आणण्यासाठी. युरॉन दारिओच्या रूपाने तिच्या शय्येपर्यंत आधीच पोहोचला असेल, तर ज्या भावाचा त्याच्यावर राग आहे हे सर्वांना माहीत आहे, त्यालाच एवढे आरमार देऊन तिच्याकडे पाठवण्याची त्याला काय गरज होती? याचे उत्तर देता येणार नाही असे मी म्हणत नाही. ते उत्तर आपल्या वहीत नाही, एवढेच मी म्हणतो.

इथे थोडे विषयाच्या कडेला जातो, पण सांगितले पाहिजे. माझ्या नोंदींपैकी बऱ्याच मी एका मोठ्या माहितीसंग्रहावरून घेतल्या होत्या. त्याचे नाव लिहीत नाही. तिथे हा तर्क तर्क म्हणून मांडलेलाच नव्हता. डेमँड्रेडच्या पानावर ताइम हे त्याचे दुसरे नाव म्हणून दिले होते, जणू पुस्तकात ते छापलेलेच आहे. २०१३ नंतर मी माझी वही मूळ पुस्तकांशी ताडून पाहिली, तेव्हा चार अवतरणे पुस्तकात त्या शब्दांत नव्हतीच, आणि एक तर दुसऱ्याच पात्राच्या तोंडचे होते. मी संपादकांना दोनदा सविस्तर लिहिले. एकदाही पोच आली नाही. वाचकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या संग्रहाने वाचकाच्या दुरुस्तीला उत्तरही देऊ नये, याचा मला आजही राग येतो. आपण जिथून नोंदी घेतल्या असतील तो संग्रह चांगलाही असेल, तरीही प्रत्येक अवतरण पुस्तक उघडून पडताळावे. त्यासाठी पृष्ठक्रमांकांवर विसंबू नये, कारण ते आवृत्तीनुसार बदलतात. मार्टिन यांच्या मालिकेत बहुतेक प्रकरणांना पात्रांची नावे आहेत, तेव्हा पुस्तकाचे नाव आणि ‘डेनेरिसचे चौथे प्रकरण’ अशी नोंद केली की कोणत्याही आवृत्तीत ते सापडते.

या पुस्तकांवरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेतला पुरावाही मी वहीबाहेर ठेवीन, यावर माझे मत ठाम आहे. ब्रॅन स्टार्क या मुलाला उत्तरेत वाट दाखवणारा गूढ मृत स्वार कोल्डहँड्स म्हणजे त्याचा हरवलेला काका बेंजेन स्टार्क, असे किती वाचक वर्षानुवर्षे सांगत होते ते आपल्याला आठवत असेल. २०१६ मध्ये पडद्यावर बेंजेनच त्या भूमिकेत आला आणि अनेकांनी प्रश्न सुटला असे जाहीर केले. पण टेक्सासमधील ए अँड एम विद्यापीठाच्या कुशिंग ग्रंथालयात मार्टिन यांची हस्तलिखिते आहेत, आणि पाचव्या पुस्तकाच्या हस्तलिखितावर संपादिकेने हा बेंजेन आहे का असे विचारले, तेव्हा लेखकाने तिथेच नाही असे उत्तर लिहिलेले आहे. हे उत्तर वाचकांना चकवण्यासाठी नव्हते. ते आपल्याच संपादिकेला दिलेले होते. शिवाय पुस्तकात, कोल्डहँड्सला फार पूर्वी मारले गेले असे लीफ ही वनवासी ब्रॅनला सांगते. ती ओळ २०११ पासून सर्वांसमोर होती.

दुसऱ्या बाजूचेही सांगतो, नाहीतर मी तर्क करण्याच्याच विरोधात आहे असे वाटेल. ‘द व्हील ऑफ टाइम’मधली नायकाची मार्गदर्शक जादूगारीण मोइरेन १९९३ च्या पाचव्या पुस्तकात एका गूढ दगडी दरवाजातून पलीकडच्या जगात कोसळते आणि सारे तिला मेलेली समजतात. ती जिवंत आहे, त्याच जगात नेणाऱ्या घेंजाई मनोऱ्यातून तिची सुटका होईल आणि त्यात नायकाचा मित्र मॅट आपला एक डोळा गमावेल, असे वाचकांनी मांडले होते, आणि २०१० च्या पुस्तकात नेमके तसेच घडले. हा तर्क रूपसाम्यावर उभा नव्हता. पहिल्याच पुस्तकात, १९९० साली, माणसांभोवती भविष्याच्या खुणा दिसणाऱ्या मिनला मॅटभोवती तराजूत ठेवलेला डोळा दिसला होता. पुढे मॅटला जगाचा अर्धा प्रकाश द्यावा लागेल असे भाकीत मिळाले होते. आणि त्या मनोऱ्यातल्या प्राण्यांचे नियम मुलांच्या एका खेळाच्या रूपाने पुस्तकाने आधीच शिकवून ठेवले होते. शिवाय तो तर्क पुढे अमुक एक गोष्ट घडेल असे सांगत होता, म्हणून तो चुकूही शकत होता. आपला तर्क खरा असेल तर पुढच्या पुस्तकात काय घडेल, आणि काय घडले तर आपण तो सोडून द्याल, हे आजच्या तारखेसह लिहून ठेवता येईल का?

त्यातही एक पथ्य पाळावे. मार्टिन यांचे १९९३ सालचे पत्र २०१५ मध्ये वाचकांसमोर आले. त्यातल्या आराखड्यात जेमी हा वाटेतल्या सर्वांना मारून लोहसिंहासन बळकावणारा खलनायक होता. पुस्तकांतला जेमी तसा नाही, हे आपण वाचले आहे. लेखकाची योजनाच बदलू शकते, म्हणून पात्रांच्या शेवटावर पैजा लावू नयेत. निदान घरच्या माणसांशी तरी लावू नयेत.

बहिणीला कसे पटवावे, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की पटवू नये. शेवटचे पुस्तक मी २०१३ मध्ये तीन दिवसांत संपवले आणि त्याच रात्री पार्टनरला मोठे पत्र लिहून शाराबद्दल त्याचेच बरोबर होते हे कळवले, क्षमा मागितली. दोन आठवड्यांनी त्याचे उत्तर आले. अकरा पुस्तकांनंतर आपण ती मालिका सोडली, शेवटची तीन वाचलीच नाहीत, पण शाराचे कळून बरे वाटले, असे त्याने लिहिले होते. ज्याने ती जागा सर्वांत आधी अचूक हेरली, त्याला ती पुस्तकात उघडताना पाहता आली नाही, आणि त्याला माझे वागणे कारण झाले. आपली बहीण उठून जाते असे आपण लिहिले, ते वाक्य वाचून मला तो आठवला.

म्हणून वहीच्या मागच्या बाजूने एक कोरे पान उघडावे, वर ‘दारिओ हा युरॉन नाही’ असे लिहावे आणि पेन बहिणीच्या हातात द्यावे. तिने लिहावे, आपण त्या वेळी खोडून काढू नये. पहिली नोंद सुचत नसेल तर व्हिक्टेरियनची प्रकरणे दोघांनी मिळून पुन्हा वाचावीत. त्या पानावर काय उतरले ते इथे कळवलेत तर मला मनापासून वाचायला आवडेल.