हत्तींच्या मुलखातली धबधब्याची वाट

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात आतला एखादा धबधबा चालत जाऊन पाहायचा आणि त्याच दिवशी परतायचं, असा बेत असलेल्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नोव्हेंबरात आम्ही सहाजण व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने साधारण पाच किलोमीटर आत असलेल्या धबधब्यापर्यंत जाणार आहोत. नेहमीच्या ट्रेकसारखं पहाटे साडेचारला हेडटॉर्च लावून निघालो तर चालेल ना?
– सह्याद्रीत नियमित भटकणारा वाचक, पुणे

नाही. गडकिल्ल्यांवर कामी येणारी ही सवय इथे नेमकी उलटी पडते. कर्नाटकातून आलेले हत्ती 2002 पासून या तालुक्यात वावरत आहेत. त्यांची संख्या थोडीच आहे, पण वेळापत्रक पक्कं आहे : अंधार पडला की शेत-बागायतीत उतरायचं आणि उजाडताना रानात परतायचं. पहाटे साडेचारला तुम्ही गावातून रानाकडे निघणार, त्याच पाणंदीने ते शेतातून रानाकडे निघालेले असणार. त्यातच नोव्हेंबर म्हणजे भातकापणीचा सुमार. पिकलेलं भात उभं असो की कापून खळ्यात रचलेलं, हत्ती त्यासाठी येतो.

तेव्हा चांगलं उजाडू द्या. गाव सोडायला साडेसातची वेळ बरी. व्हाळातल्या गोट्यांमधून वर चढताना तासाला दोन किलोमीटरांहून जास्त वेग धरू नका. म्हणजे पाच किलोमीटरांना अडीच ते तीन तास. अकराच्या आसपास पोहोचाल. खाणं, आंघोळ, फोटो जे काय असेल ते बाराला आटपायचं. त्याहून महत्त्वाची वेळ साडेबाराची. साडेबाराला असाल तिथून मागे फिरायचं, धबधबा समोर दिसत असला तरी. मग चार वाजायच्या आत गावात पोहोचता येतं. नोव्हेंबरअखेर इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, पण दाट रानात साडेपाचलाच समोरचा माणूस धूसर होतो.

आदल्या दिवशी दोन कामं करायची. राखीव वनात शिरायला परवानगी लागते, तेव्हा दोडामार्गच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारा. 2020 मध्ये इथला 29.53 चौरस किलोमीटरचा पट्टा ‘तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित झाला आहे, हेही ध्यानात असू द्या. हत्तींवर नजर ठेवणाऱ्या वन कर्मचाऱ्यांना रात्री हत्ती कुठे होते हे ठाऊक असतं. त्यांनी ‘उद्या तिकडे नको’ म्हटलं की विषय संपला. दुसरं काम म्हणजे गावातलाच वाटाड्या ठरवणं. मोबाइलच्या नकाशावर व्हाळ दिसतो, पण काल रात्री केळी कोणत्या वाडीत मोडली ते दिसत नाही.

प्रश्न : रानात पायवाट आणि हत्तीची वाट वेगळी कशी ओळखायची? लीद ताजी की शिळी हे कसं कळतं?
– महाविद्यालयीन वाचक, कोल्हापूर

वाटेवर खाली पाहण्याआधी वर पाहा. माणसाची वाट डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळी असते आणि बाजूच्या फांद्यांवर कोयत्याचे तिरपे, स्वच्छ छाट दिसतात. हत्तीची वाट त्याहून बरीच उंच मोकळी असते. फांद्या छाटलेल्या नसतात, पिळून मोडलेल्या असतात आणि तुटल्या जागी धागे लोंबत असतात. बांबूच्या बेटातून अचानक प्रशस्त, सोप्या चढणीचा रस्ता लागला आणि कोयत्याची खूण कुठेच नसेल, तर तो रस्ता तुमच्यासाठी नाही. जुन्या बैलगाडीच्या वाटा मात्र दोघेही वापरतात. हत्तीलाही सोपी चढणच आवडते.

माग ओल्या पण घट्ट मातीत बघा, चिखलात तो पसरून मोठा दिसतो. पुढच्या पायाचा ठसा गोल, मागच्याचा लांबट. पुढच्या पायाच्या ठशाभोवती सुतळी फिरवून घेर मोजा आणि दुप्पट करा, खांद्यापर्यंतची उंची मिळते. घेर 1.3 मीटर भरला तर जनावर 2.6 मीटर उंच, म्हणजे बहुधा मोठा नर.

ताज्या लिदीचा गोळा बाहेरून चकचकीत, हिरवट-तपकिरी असतो. सकाळच्या गारव्यात वाफही दिसते. चकाकी काही तासांत जाते. दिवसभरात बाहेर कोरडी साल धरते, आत ओल राहते. म्हणून काठीने गोळा फोडूनच ठरवायचं. पावसात हा हिशेब फसतो, कारण शिळा गोळाही भिजून ताजा दिसू लागतो. तेव्हा मोडलेल्या झाडांवर भिस्त ठेवा. भेरलीमाड (माडासारखं एक रानझाड) पाडून आतला गाभा खाल्लेला असेल आणि उरलेला गाभा पांढरा, ओलसर असेल तर जनावर जवळ आहे. गाभा तपकिरी पडला असेल तर बराच वेळ झाला.

लिदीत काय आहे तेही पाहा. भाताचा कोंडा, लोंब्यांचे तुकडे दिसले तर हत्ती रात्री शेतात होता आणि आज संध्याकाळी पुन्हा तिकडेच यायचा संभव आहे. मधला दिवस तो सावलीत, पाण्याजवळ काढतो. कड्याखालचा खोल कोंड, म्हणजे डोह, त्याच्या फारसा सोयीचा नसतो. धबधब्याच्या खालच्या अंगाला व्हाळ जिथे सपाट होतो आणि काठ उतरता असतो, ती जागा त्याची. म्हणून धबधब्यापाशी पोहोचल्यावर जेवढी काळजी घ्याल, त्याहून जास्त त्या सपाट टप्प्यावर घ्या.

प्रश्न : प्रत्यक्ष समोर आलाच तर? उतारावर पळालं की हत्तीला पाठलाग करता येत नाही, असं लहानपणापासून ऐकत आले आहे.
– वाचक, फोंडा (गोवा)

ही समजूत मनातून काढून टाका. हत्ती उतार व्यवस्थित उतरतो आणि माणसापेक्षा वेगाने धावतो. कोवळ्या झाडावर चढणंही व्यर्थ.

खरं काम गाठ पडण्याआधीचं आहे. हत्तीची नजर बेताची, पण वास आणि आवाज तो दुरून टिपतो. गाठ पडते ती बहुधा अशा जागी, जिथे तुम्ही आलात हे त्याला कळलेलंच नसतं. निरभ्र दिवशी ऊन चढलं की वारा दरीतून वर वाहू लागतो. वर चालणाऱ्या माणसाचा वास त्याच्या पुढे जातो आणि हत्ती आपणहून बाजूला होतो. पहाटे वारा वरून खाली येतो, म्हणजे वास मागेच राहतो. साडेसातची वेळ सांगण्यामागे हेही एक कारण आहे. चिमूटभर राख पुडीत ठेवा आणि वळणावर सोडून वारा पाहा. साध्या आवाजात बोलत चला. धबधब्याजवळ पाण्याच्या गर्जनेत ना तुम्हाला फांदी मोडल्याचं ऐकू येतं, ना त्याला तुमचं बोलणं. तिथे प्रत्येक वळणावर दोन मिनिटं थांबून नुसतं पाहायचं.

दिसला आणि त्याला तुमची चाहूल नसेल, तर न बोलता आल्या वाटेने मागे फिरा. शंभर मीटर अंतरही जास्त नाही. फोटोसाठी थांबू नका. त्याने पाहिलं असेल, कान पसरून डोकं हलवत असेल, जमिनीवर पाय घासत असेल, तर तो तुम्हाला जायला सांगतोय. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरा. कान मागे, सोंड आत वळवलेली आणि चाल सरळ तुमच्यावर, असं दिसलं तर पाठीवरची पिशवी टाका, म्हणजे तो तिच्यापाशी अडखळण्याची शक्यता असते. मोठ्या खडकांच्या किंवा जाड बुंध्यांच्या आड, हत्तीला पाय रोवता येणार नाही अशा कातळावर जा. गंडस्थळातून, म्हणजे डोळा आणि कानाच्या मधून, काळसर ओघळ येत असेल तर तो नर मस्तीत, म्हणजे माजावर, आहे. त्याच्या बाबतीत वरचे ठोकताळे लागू पडत नाहीत. शक्य तितकं दूर जा, एवढंच. धोका खरा आहे : एप्रिल 2025 मध्ये याच तालुक्यातल्या मोर्ले इथे काजूच्या बागेत गेलेल्या शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि त्याला तर रानाची माहिती आपल्यापेक्षा किती तरी जास्त होती.

प्रश्न : सोबत फटाके न्यावेत का? ड्रोन उडवून आधी पाहणी केली तर?
– वाचक, बेळगाव

दोन्ही नको. फटाक्याने बिथरलेला हत्ती कोणत्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही आणि खालच्या वाडीतल्या माणसांना ते भोगावं लागतं. वनक्षेत्रात विनापरवाना ड्रोन उडवणं हा गुन्हा ठरू शकतो. कुत्रा तर मुळीच नेऊ नका. तो हत्तीवर भुंकतो आणि घाबरला की धावत मालकाकडेच येतो, हत्तीला मागे घेऊन. शिदोरीत केळी, फणस, गूळ नको. भाकरी-चटणी, दाणे पुरेत.

प्रश्न : जळवांसाठी काय न्यावं? आणि हत्तीखेरीज कशाची भीती?
– वाचक, ठाणे

जळवांना मिठाची पुरचुंडी पुरे. ऑक्टोबरनंतर त्या कमी होतात. लोक जळवांना घाबरतात आणि गोचिडीकडे दुर्लक्ष करतात, हे मात्र चुकतं. 2016 मध्ये याच तालुक्यातल्या केर गावात माकडतापाचे रुग्ण आढळले होते. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही. घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे तपासा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

पाण्याबद्दल एक. इथे ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर चंदगडच्या बाजूला पाऊस पडत असू शकतो. व्हाळाचं पाणी तांबूस झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा काठावरचा ओळखीचा दगड बुडाला, की सामान आवरत बसू नका, आधी काठ चढा.

प्रश्न : आत मोबाइलला रेंज नसेल तर मदत कशी मागायची?
– वाचक, सांगली

रेंज नाही असं धरूनच चाला. निघताना गावातल्या एका माणसाकडे चिठ्ठी द्या : किती जण, कोणत्या व्हाळाने, परत किती वाजता. ‘पाचपर्यंत आलो नाही तर वनखात्याला कळवा’ हे तोंडीही सांगा. वनखात्याची हेल्पलाइन 1926, रुग्णवाहिका 108. परतल्यावर त्या माणसाला आठवणीने भेटा, नाहीतर रात्री गावातली पाच-सहा माणसं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला त्याच पाणंदीने निघतील.