हिरवं शेवाळ खायचं की लांब राहायचं?

प्रश्न: समुद्रातलं पातळ हिरवं शेवाळ खातात म्हणे, मग किनाऱ्यावर त्याचाच ढीग साठला की धोकादायक का म्हणतात?

उत्तर: तुम्ही म्हणताय ते बहुतेक उल्वा, म्हणजे सी लेट्यूस. पान इतकं पातळ की जाडीला फक्त दोन पेशी! खाता येतं, पण स्वच्छ पाण्यातलं आणि ताजंच घ्या, कारण ते पाण्यातले जड धातूही शोषून घेतं.

खरी भानगड नायट्रोजनची आहे. शेतातलं खत, जनावरांची घाण नदीतून समुद्रात आली की हे शेवाळ भसाभस वाढतं, २००८ मध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर चीनच्या चिंगदाओजवळ समुद्रच हिरवा झाला होता आणि हजारो लोक ते उपसायला लावावे लागले. ढीग सडायला लागला की वर वाळून पांढरट पापुद्रा धरतो, आत मात्र हवा नसते आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस साठतो, पाय पडला की भसकन बाहेर. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ मध्ये अशा चिखलात एक घोडा मेला, स्वार बेशुद्ध पडला. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर लगेच मागे फिरा, आणि वास अचानक थांबला म्हणून बिनधास्त होऊ नका, गॅस जास्त असला की नाकच बधिर होतं. शेवाळ उचलायचं तर सडायच्या आधीच, आणि मुलांना, कुत्र्यांना त्या ढिगावर अजिबात सोडू नका.